नवे प्लग टाकले आणि गाडी अडखळायला लागली : कुठून बघायचं

प्लग बदलून झाले, गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, आयडलिंगही एकसारखं. पण तिसऱ्या गिअरला, दोन हजार आरपीएमच्या आसपास, एक्सलेटर दाबला की क्षणभर गुदमरते, दोन-चार झटके खाते आणि मग उचलते. यालाच मिसिंग म्हणतात, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं. सपाट रस्त्यावर सावकाश चालवली तर काहीच जाणवत नाही. कात्रज किंवा कसारा चढताना हमखास जाणवतं. अशा वेळी ‘प्लग डुप्लिकेट निघाले’ म्हणून दुसरा सेट आणला जातो, तो टाकूनही तेच होतं, मग चार कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारे भाग) बदलल्या जातात.

आधी एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. हे अडखळणं प्लग बदलण्याआधी होतं का? होतं आणि तेवढ्यासाठीच प्लग बदलले असतील, तर दुखणं बहुधा प्लगचं नव्हतंच. शेवटच्या भागापासून वाचा. आधी नव्हतं, प्लग बदलल्यावरच आलं, तर प्लगपर्यंत पोचताना ज्याला ज्याला हात लागला त्यातच कुठेतरी चूक आहे. कॉइल त्याच दिवशी आपोआप मरणं हा योगायोग होऊ शकतो, पण त्यावर पैसे लावू नका.

आयडलिंगला ठीक आणि लोडवर मिसिंग, असं का

प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला किती व्होल्टेज लागतं, ते फट किती आहे आणि त्या क्षणी सिलिंडरमध्ये दाब किती आहे यावर ठरतं. आयडलिंगला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जवळपास बंद असतो, सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते, दाब कमी राहतो. दहा-बारा हजार व्होल्टमध्ये काम भागतं. चढावर कमी आरपीएमला थ्रॉटल उघडला की सिलिंडर भरून हवा येते, आणि तीच फट ओलांडायला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात. वाटेत कुठे फाटलेला रबर बूट (कॉइलपासून प्लगपर्यंतची रबरी नळी), ओलावा किंवा प्लगची तडकलेली चिनीमाती असेल तर विजेला ती वाट सोपी पडते. ठिणगी फटीत न पडता बाहेरच्या बाहेर निसटते.

म्हणून ‘गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस करून बघितलं, काही नाही’ याला अर्थ नाही. उभ्या गाडीला लोडच नसतो. तपासणी चढावर किंवा मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरला हळूहळू एक्सलेटर दाबूनच करायची.

मिसिंग होताना चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नसून लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे जळतं आणि आतली जाळी वितळते. ती प्लगच्या सेटपेक्षा कैक पटींनी महाग आहे.

पहिली दहा मिनिटं : वरचं सामान

मारुतीच्या के-सिरीज इंजिनांच्या बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरचा डबा इंजिनच्या डोक्यावरच बसतो. तो काढल्याशिवाय कॉइल दिसत नाहीत. काढताना त्याला लागलेली ब्रीदरची नळी, थ्रॉटलकडे जाणारा रबरी पाइप आणि हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कपलर (वायरचा प्लास्टिकचा जोड) सुटतो. परत लावताना यांतलं एखादं अर्धवट राहतं.

बोनेट उघडून, इंजिन बंद ठेवून, प्रत्येक कपलर हाताने ओढून बघा. लॉक बसलेला कपलर ओढल्यावर हलत नाही. जुन्या गाडीत लॉकची प्लास्टिकची जीभ तुटलेली असते. कपलर दिसायला बसलेला, पण खड्ड्यात गाडी आपटली की पिना क्षणभर सुटतात. तात्पुरता केबल टाय चालतो, पण कपलरच बदलून घ्या.

मग नळ्या. थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्याच्या) बाजूला नळी सुटली असेल तर मापात न धरलेली हवा आत शिरते: फुसफुस आवाज येतो, आयडलिंग वर-खाली होतं आणि एक्सलेटरला पाय लावताक्षणी ताकद क्षणभर पडते. थ्रॉटलच्या अलीकडचा पाइप ढिला असेल तर गाडीत हवा मोजायची पद्धत कोणती आहे त्यावर ठरतं. एमएएफ सेन्सरच्या (आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीत सेन्सर आणि थ्रॉटल यांमधला पाइप फाटला तर मिश्रण पातळ होतं आणि गाडी नक्की अडखळते. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाडीत त्याच फाटीने फारसा फरक पडत नाही, फक्त न गाळलेली धूळ आत जाते. त्या रबरी पाइपच्या घड्यांमध्ये बोट फिरवून बघा. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या घडीत असते.

कॉइल आणि तिचा बूट

इथे सगळ्यात जास्त केसेस सापडतात, आणि हाच भाग घाईत उरकला जातो.

दहाच्या पान्याने बोल्ट काढून कॉइल थोडी डावी-उजवी फिरवून सरळ वर ओढा. तिरकी ओढली की लांब रबरी बूट मधोमध चिरतो. बूट काढून उजेडात वाकवून बघा; सरळ असताना मिटलेली चीर वाकवल्यावर उघडते. बुटाच्या आत एक स्प्रिंग असते. ती आहे ना, गंजलेली किंवा आखडलेली नाही ना, हे बघा. कधीकधी ती जुन्या प्लगच्या टोकाला चिकटून बाहेर येते, जुन्या प्लगबरोबर कचऱ्यात जाते, आणि कॉइल तशीच बसवली जाते. तरी गाडी चालते! ठिणगी आधी त्या मोकळ्या जागेतून उडी मारते, मग प्लगच्या फटीत. आयडलिंगला दोन्ही उड्या जमतात, लोडवर जमत नाहीत.

आता बुटाच्या आतली बाजू आणि प्लगची पांढरी चिनीमाती एकमेकांशेजारी ठेवून बघा. चिनीमातीवर, लोखंडी षटकोनाच्या अगदी वर, सगळीकडून सारखा फिकट तपकिरी पट्टा दिसला तर घाबरू नका, ते विजेच्या क्षेत्राने चिकटलेले तेलाचे कण असतात. बघायची असते ती काळी, केसाएवढी बारीक, उभी रेघ, पेन्सिलने ओढल्यासारखी, वरच्या टोकापासून लोखंडापर्यंत. ठिणगी तिथून घसरत खाली उतरते आहे. तिच्यासमोर बुटाच्या आतल्या रबरावरही तशीच करपलेली रेघ सापडेल. अशी जोडी सापडली की प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे. नुसता प्लग बदलला तर बुटातली रेघ नव्या प्लगवर तीच वाट दोन-चार दिवसांत पाडते. दुसरा सेट टाकूनही मिसिंग जात नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. काही गाड्यांचा बूट सुटा मिळतो, अख्खी कॉइल घ्यायची गरज नसते. पार्टच्या दुकानात आधी विचारा.

प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो तिथे, तेल असेल तर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगबरोबर येणारे विहिरींचे गोल सील गेलेत. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि चिरतं. पुसून घेतलं तर महिनाभर बरं वाटेल, नंतर पुन्हा तेच. पाणी असेल तर कोणीतरी इंजिनवर प्रेशरचं पाणी मारलंय. कॉम्प्रेसरची हवा मारून विहीर कोरडी करा आणि कॉइलच्या वरच्या बाजूची रबरी टोपी नीट बसते का ते पाहा.

परत बसवताना बुटाच्या कडेला आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, स्प्रिंगला किंवा प्लगच्या टोकाला नाही. कॉइल दाबल्यावर प्लगच्या डोक्यावर बसल्याचं हाताला कळतं. बोल्टने ओढून बसवू नका. आधी हाताने पूर्ण खाली, मग बोल्ट.

एक जुनी सवय मोडायला हवी: चालू इंजिनवर एकेक कॉइल उपटून ‘कुठला सिलिंडर मरतोय’ बघणं. मोकळ्या कॉइलची ठिणगी जायला जागा शोधते आणि कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडते. चांगली कॉइल तपासताना मरते. सिलिंडर बंद करून बघायचाच असेल तर इंजेक्टरचा कपलर काढा.

आता प्लग बाहेर

इंजिन थंड हवं. गरम अॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे सोबत येऊ शकतात. काढण्याआधी विहिरीत हवा मारा, नाहीतर तिथली वाळू सिलिंडरमध्ये किंवा प्लगच्या बैठकीवर पडते. पाना आतून रबर किंवा चुंबक असलेला, बहुतेक आजच्या पेट्रोल गाड्यांना १६ मिमीचा. काही नव्या गाड्यांना १४, जुन्यांना २१.

आधी नंबर. खोक्यावरचा नाही, प्लगवर छापलेला, आणि चारही. मॅन्युअलमधल्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळवा. एनजीकेच्या ‘बीकेआर६ई-११’ मध्ये ६ म्हणजे हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर सोडतो; लवकर सोडणारा ‘थंड’, उशिरा सोडणारा ‘गरम’), आर म्हणजे आत रेझिस्टर, ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे आणि ११ म्हणजे १.१ मिमी फट. डेन्सोच्या ‘के२०पीआर-यू११’ मध्ये २० ही हीट रेंज, शेवटचे ११ पुन्हा फटीचे. खरा गोंधळ कंपनी बदलताना होतो: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये उलट, आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एनजीकेचा ६ हा साधारण डेन्सोच्या २० आणि बॉशच्या ७ इतका. ‘एकाच आकड्याने काय होतंय’ म्हणून थंड प्लग टाकला की पुण्या-मुंबईच्या गर्दीत त्याचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर जातच नाही, काजळी जळून साफ होत नाही, आणि आठवड्याभरात मिसिंग सुरू. गरम टाकला तर लांब पल्ल्याला नॉकिंग, आणि तो धोका मोठा आहे. आर नसलेला प्लग कॉइल-ऑन-प्लगच्या (प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या) गाडीत नको. रेडिओत खरखर येते आणि ईसीएमच्या (इंजिनच्या संगणकाच्या) सिग्नलमध्येही गोंधळ होतो.

मग फट. ‘खोक्यातून निघाला म्हणजे सेट केलेलाच’ हे खरं नाही, वाटेत प्लग आपटलेला असू शकतो. तारेचं किंवा पात्यांचं फीलर गेज घालून बघा: हलकं घासून जायला हवं. साध्या निकेलच्या प्लगची फट फक्त वरची वाकडी पट्टी हलवून बदलायची. मधल्या टोकावर टेकू घ्यायचा नाही. इरिडियमला नाण्यासारखं गोल गेज लावूच नका. मधलं टोक ०.६ मिमी किंवा त्याहूनही बारीक असतं, तिरका जोर आला की तुटतं. इरिडियमची फट चुकीची असेल तर तो प्लग परत करा.

हातातून पडलेला प्लग, विशेषतः कमरेच्या उंचीवरून फरशीवर, बसवू नका. चिनीमातीला गेलेला तडा बाहेरून दिसत नाही. पाना तिरका धरून घट्ट केला तरी असाच तडा षटकोनाच्या काठावर जातो. शंका असेल तर मल्टिमीटर २० किलो-ओहमवर ठेवून वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मोजा. रेझिस्टर प्लगला पाचेक किलो-ओहम यायला हवेत, त्यात थोडं इकडे-तिकडे चालतं. चारांपैकी एकालाच वेगळा आकडा किंवा काहीच आलं नाही तर तो बाद. ज्या प्लगच्या डोक्यावरचं नट सुटं असतं, ते बसवण्याआधी पक्कडीने आवळा. ढिलं नट म्हणजे आणखी एक न मागितलेली फट.

आवळणं. अॅल्युमिनियम हेडमध्ये, वायसरवाल्या १४ मिमी आट्यांच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर. १२ मिमीला १५ ते २०. १० मिमीला १० ते १२. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क रेंच नसेल तर प्लग हाताने बैठकीला लागेपर्यंत फिरवा, मग १४ मिमीचा नवा प्लग पान्याने आणखी अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तपासायला काढलेला प्लग परत बसवताना वायसर आधीच चेपलेला असतो, त्याला फक्त ३० अंश, घड्याळाच्या काट्याने बारावरून एकवर जाण्याइतकंच. हा फरक न पाळल्याने दुसऱ्या फेरीत हेडचे आटे जातात.

ढिल्या प्लगची खूण वेगळी असते. चढावर एक्सलेटरबरोबर वाढणारी टिकटिक, बाहेर काढल्यावर वायसरच्या वर काजळीचे फटकारे, बुटाचं खालचं टोक भाजलेलं. प्लगची उष्णता बैठकीतून हेडमध्ये जाते. बैठक नीट बसली नाही तर प्लग तापत राहतो. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका. आजच्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, वरून वंगण लावलं तर त्याच टॉर्कला प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

गाडी सीएनजीची असेल तर

इथे निदान अर्धं फुकट मिळतं. तोच चढ, तोच गिअर, एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर.

सीएनजीवर अडखळते आणि पेट्रोलवर नाही: संशय इग्निशनवर. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे किंचित मोठी फट किंवा थोडा दमलेला बूट पहिल्यांदा गॅसवरच उघडा पडतो. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत फट १.१ वरून ०.७ ते ०.८ मिमी केली की बऱ्याच गाड्या तिथेच सुधारतात. कंपनीफिटेड सीएनजीचा प्लग मुळातच वेगळा असू शकतो, म्हणून पेट्रोल मॉडेलचा सेट त्यात टाकू नका. पेट्रोलवर अडखळते आणि सीएनजीवर सुरळीत: प्लग-कॉइल सोडा, इंजेक्टर आणि पेट्रोल पंपाकडे जा. वर्षभर गॅसवरच फिरणाऱ्या गाडीचे पेट्रोल इंजेक्टर न वापरल्याने चिकटलेले असतात. दोन्हीवर सारखंच असेल तर पुढच्या भागातली अदलाबदल करा.

कोड आणि अदलाबदल

गाडीचे दोषकोड वाचणारा साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनरही पुरे. पी०३०० म्हणजे मिसिंग ठरावीक सिलिंडरला नाही. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरला. पी०३५१ ते पी०३५४ म्हणजे त्या कॉइलच्या वायरिंगची किंवा प्रायमरी सर्किटची तक्रार.

समजा पी०३०२ आला. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. प्लगना हात लावू नका. कोड पुसा, तोच चढ पुन्हा चढा. आता पी०३०३ आला तर कॉइल किंवा तिचा बूट. पी०३०२ च राहिला तर दुसऱ्या-तिसऱ्याचे प्लग अदलाबदल करा आणि पुन्हा जा. तरीही दोनच दाखवत असेल तर दुसऱ्याचा इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. एका वेळी एकच वस्तू हलवायची, नाहीतर उत्तर मिळूनही कळत नाही.

कोडच नाही, तरी झटके? मोजके मिसफायर ईसीएमच्या मर्यादेत बसून जातात. तेव्हा स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीएम इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. आयडलिंगला अधिक १५-२० टक्के आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल तर मॅनिफोल्डकडची हवेची गळती. उलट, आयडलिंगला ठीक आणि लोडवर अधिक होत जात असेल तर इंधन कमी पडतंय किंवा एमएएफ चुकीचं मोजतोय.

जुन्या, प्लग वायरच्या गाड्यांत पहिला संशय वायरी उलटसुलट लागल्याचा. बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि एक नंबर टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूला. एका कॉइलवर दोन सिलिंडर असतील तर जोड्या १-४ आणि २-३. जोडीतले दोन्ही एकदम मरत असतील तर वायर नव्हे, कॉइल. वायरचं टोक धरून न ओढता वायरच ओढली गेली असेल तर आतला कार्बनचा धागा तुटतो, बाहेरून वायर नवीच दिसते.

सगळं बरोबर, तरी पहिले काही किलोमीटर जड

जुने प्लग महिनोन्‌महिने मिसिंग करत असतील तर हे दिसतं. मिसफायरमध्ये न वापरला गेलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो, ऑक्सिजन सेन्सर त्याला ‘मिश्रण पातळ’ समजतो, आणि ईसीएम पेट्रोल वाढवत नेतो. प्लग नवे झाले तरी ती वाढ ईसीएमच्या आठवणीत राहते. गाडी थोडे दिवस जाड मिश्रणावर चालते. स्कॅनरने ट्रिम रीसेट करा, किंवा बॅटरीचं ऋण टोक दहा-पंधरा मिनिटं काढून ठेवा. रेडिओचा कोड लागत असेल तर आधी हाताशी ठेवा. नंतर एसी बंद ठेवून इंजिन गरम होईपर्यंत आयडलिंगला सोडा आणि गर्दी-मोकळा रस्ता अशी मिश्र चाल द्या. पन्नासेक किलोमीटरनंतरही ट्रिम दहा टक्क्यांच्या आत आले नाहीत तर दोष आठवणीत नाही, गाडीत आहे.

अडखळणं प्लगच्या आधीपासूनचं असेल तर

काढलेले जुने प्लग फेकले नसतील तर सिलिंडरच्या क्रमाने मांडून बघा. चारही कोरडे काळे: मिश्रण जाड, एअर फिल्टर किंवा सेन्सर. एकच पेट्रोलने ओला: तिथे ठिणगी नाही. एकच तेलकट: रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील. चारही पांढरट: इंधन कमी.

मग थ्रॉटल बॉडी. प्लेटच्या कडेला जमलेल्या काजळीने पाय लावतानाचा पहिला धक्का येतो. क्लीनर आणि कापडाने पुसा, पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची प्लेट बोटाने ढकलू नका. मग फ्युएल प्रेशर, लोडवर गेज लावून. टाकीत पेट्रोल कमी असताना जास्त अडखळत असेल तर पंपाची जाळी. मग कॉम्प्रेशन: चारही प्लग बाहेर, पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे कपलर सुटलेले, एक्सलेटर पूर्ण दाबून. सिलिंडरमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा. आणि जुनं मिसिंग फार दिवस चाललं असेल, गाडी वरच्या आरपीएमला जातच नसेल, सायलेन्सरच्या तोंडाशी दाब कमी वाटत असेल, तर कन्व्हर्टरची जाळी वितळून बसली आहे का ते बघायचं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावतात. २,५०० आरपीएमला काटा ठळक उठला तर वाट तिथेच अडली आहे.